सांता फेची वाट : मांजरपाट, चांदी आणि हुशार व्यापारी

अमेरिकेतील जुन्या वाटा म्हटल्या की नव्या जमिनीच्या शोधात निघालेली कुटुंबे आठवतात. परंतु मिसुरी ते सांता फे ही सुमारे ९०० मैलांची वाट मुख्यतः व्यापाऱ्यांची होती, आणि तिच्यावरचा प्रमुख माल होता कापड. म्हणून आम्हा कापडवाल्यांना तिचा इतिहास जवळचा वाटतो.

१८१९ च्या मंदीत मिसुरीत बँका बुडाल्या, रोकड दिसेनाशी झाली. कर्जात सापडलेला विल्यम बेकनेल सप्टेंबर १८२१ मध्ये जनावरांवर माल लादून पश्चिमेकडे निघाला. सांता फेवर तोवर स्पेनची हुकूमत होती. परका व्यापारी आला की माल जप्त आणि त्याला कैद, असा कारभार चाले. त्याच वर्षी मेक्सिको स्वतंत्र झाला आणि बेकनेलचे स्वागत झाले. तेथील लोकांना कापड दूर दक्षिणेतून येई व फार महाग पडे. त्यामुळे त्याचा माल हातोहात खपला. १८२२ साली तो गाड्या घेऊनच गेला.

पुढे दरवर्षी काफिले निघू लागले. जाताना मांजरपाट, छीट, सुया, लोखंडी सामान; येताना चांदी, खेचरे आणि लोकर. या चांदीनेच मिसुरीच्या बाजारात पुन्हा रोकड खेळू लागली. मात्र जवळच्या वाटेवर सिमरॉन नदीपर्यंत सुमारे ६० मैल पाणी नव्हते. जेडेडाया स्मिथ हा नामांकित वाटाड्या १८३१ मध्ये तेथेच पाण्याच्या शोधात असताना मारला गेला. शिवाय ही भूमी ओसेज, कोमांची आदी मूळ रहिवाशांची होती. १८२५ मध्ये अमेरिकी सरकारने ओसेज लोकांना ८०० डॉलरचा मोबदला देऊन रस्त्याची परवानगी घेतली.

जकातीचा किस्सा तर आपल्या वाचकांनी ऐकावाच. गव्हर्नर आर्मिहो याने माल न पाहता गाडीमागे ५०० डॉलर जकात बसवली. व्यापाऱ्यांनी लगेच मोठ्या गाड्या आणल्या आणि त्यांत भारी किमतीचा माल भरला. अखेर गव्हर्नरला मालाच्या किमतीवरील जकातीकडे परतावे लागले. ही हकिकत जोसाया ग्रेग या व्यापाऱ्याने १८४४ च्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे.

सांता फेचे व्यापारीही नुसते गिऱ्हाईक राहिले नाहीत. १८४० च्या दशकात ते स्वतः मिसुरीला व पूर्वेच्या शहरांत जाऊन खरेदी करू लागले आणि धंद्याचा मोठा हिस्सा त्यांच्याकडे आला. १८४६ मध्ये याच वाटेने अमेरिकी फौज आली व शहर अमेरिकेकडे गेले, तरी व्यापार चालूच राहिला.

वाट संपवली ती रेल्वेने. रूळ जसजसे पुढे सरकले तसतशी गाड्यांची वाट आखूड झाली. फेब्रुवारी १८८० मध्ये रेल्वे सांता फेला पोचली आणि काफिले बंद झाले. ओटेरो-सेलर या पेढीने मात्र रेल्वेचे शेवटचे ठाणे जेथे जाईल तेथे आपली वखार हलवली आणि धंदा टिकवला. व्यापारी बांधवांनो, वाट बंद झाली होती, गिऱ्हाईक नव्हे. ज्यांनी हे वेळीच ओळखले, त्यांची पेढी चालू राहिली.