शिकाऊ उमेदवाराची उमेद
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

उमेदवार म्हटलं की आज आपल्यासमोर निवडणूक उभी राहते. पण हा शब्द मतपेटीपेक्षा जुना आहे. फारसीत 'उमेद' म्हणजे आशा आणि आशा धरून बसलेला तो उमेदवार. पूर्वी कचेरीत कारकुनाच्या हाताखाली पगाराशिवाय राबणाऱ्या, आज ना उद्या जागा निघेल म्हणून थांबलेल्या पोराला उमेदवार म्हणत. सरकारी मराठीत अॅप्रेंटिसला आजही 'शिकाऊ उमेदवार' हेच नाव आहे. मला ते आवडतं, कारण त्यात शिकणं आणि आशा, दोन्ही शेजारी शेजारी बसलेली आहेत.

आज मी बोलणार आहे ते अशाच उमेदवारांविषयी. पण लेथवर किंवा वेल्डिंगवर काम शिकणाऱ्यांविषयी नव्हे. कापडाच्या दुकानात, मॉलमध्ये, बँकेच्या खिडकीवर, कॉल सेंटरमध्ये गिऱ्हाइकाशी बोलण्याचं काम शिकायला गेलेल्या बेकार मुलामुलींविषयी. सरकार त्यांना विद्यावेतन देतं, मालक त्यांना उभं राहायला जागा देतो. त्यांना शिकवतं कोण, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा. तेव्हा डोळ्यांसमोर कारखाना होता. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांना यंत्राजवळ उभं करून शिकवावं, ही कल्पना. साध्या बीए, बीकॉम झालेल्या पोराला त्यात फारशी जागा नव्हती. मी स्वतः बीए आहे, त्यामुळे ही उणीव मला जवळून ठाऊक आहे. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. इंजिनिअरिंगबाहेरच्या पदवीधरांना दार उघडलं आणि मालकांना आपल्या गरजेनुसार नवे 'ऐच्छिक' व्यवसाय ठरवण्याची मुभा मिळाली. दुकानातली विक्री, गिऱ्हाईक सेवा ही कामं त्यामुळे शिकाऊ उमेदवारीच्या कक्षेत येऊ शकली. २०१६ साली केंद्राने प्रोत्साहन योजना आणली आणि विद्यावेतनाचा काही वाटा ठरावीक मर्यादेपर्यंत स्वतः उचलायला सुरुवात केली. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक केलं.

आपल्या राज्यात २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. वय अठरा ते पस्तीस. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये, थेट बँक खात्यात. मुदत सहा महिने ठरली होती, ती २०२५ मध्ये आणखी पाच महिन्यांनी वाढवली गेली. मुदत संपत आली तशी ही मुलं रस्त्यावर उतरली. आम्हाला कायम करा, अशी त्यांची मागणी होती. या मागणीवर पुष्कळ लोक हसले. प्रशिक्षण म्हणजे नोकरी नव्हे हे यांना कळत नाही का, असं म्हणाले. मला हसू आलं नाही. अकरा महिने काम शिकलेल्या माणसाला दुसरीकडे काम मिळेल असा भरवसा वाटायला हवा. तो वाटत असता तर त्याच खुर्चीला इतकं घट्ट धरायची गरज पडली नसती.

कायदाही याबाबतीत मालकाला बांधून ठेवत नाही. शिकाऊ उमेदवाराला पुढे नोकरीवर घ्यायचं की नाही, याचं धोरण मालकाने ठरवायचं, एवढंच २०१४ ची दुरुस्ती सांगते. म्हणजे मुदत संपल्यावर मुलाच्या हातात काय उरतं? एक प्रमाणपत्र आणि जे तो खरोखर शिकला ते. प्रमाणपत्र सगळ्यांजवळ असतं, म्हणून दुसऱ्या गोष्टीलाच मोल.

आता कोणी विचारेल, काउंटरवर बोलण्यात शिकण्यासारखं काय आहे? गोड बोलावं, हसावं, झालं! हा गैरसमज या कामाच्या मुळावर आलेला आहे. जुन्या पेठेतल्या कापडाच्या दुकानात पोरगा कसा तयार होई, ते आठवा. सुरुवातीचे काही महिने त्याने फक्त घड्या घालायच्या. घड्या घालता घालता बोटांना पोत कळतो. मग गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं, ठाण काढून आणायचं. ते आणताना मुनीमजी बोलतात काय आणि गप्प कुठे बसतात, हे ऐकायचं. मग कधीतरी दुपारच्या सामसुमीत एखादं साधं गिऱ्हाईक त्याच्याकडे सोपवलं जाई. चुकला तर गिऱ्हाइकासमोर बोलणी नाहीत. दुकान वाढवताना, घड्या घालता घालता, समजावणं. भाव ठरवायचा अधिकार सगळ्यात शेवटी.

आमच्या शायरीतही हीच रीत होती. शागिर्दाने गझल लिहून आणायची, उस्तादाने एखादा शब्द बदलून द्यायचा. तिला 'इस्लाह' म्हणत. व्याख्यान नाही, पुस्तक नाही. तुझ्याच ओळीतला तुझाच एक शब्द हलवून दाखवायचा. हात धरून शिकवणं याहून वेगळं काय असतं? पण जुन्या पद्धतीचे गोडवे मला गायचे नाहीत. तिच्यात पगार नव्हता, जातीपातीची आणि ओळखीपाळखीची दारं होती, मुलींना तर जवळजवळ प्रवेशच नव्हता. आजच्या योजनांनी ही दारं उघडली, हे त्यांचं मोठं काम. मात्र दार उघडताना आतला शिकवणारा माणूस नाहीसा झाला.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीचं उदाहरण सांगतो. घरात पहिली पदवीधर. विजेची उपकरणं विकणाऱ्या एका दुकानात ती प्रशिक्षणाला लागली. तिसऱ्याच दिवशी तिला तक्रारींच्या काउंटरवर बसवलं. वॉशिंग मशिन आतून कसं असतं हे तिने पाहिलेलं नव्हतं. दुरुस्तीचा माणूस कधी येणार हे तिला कोणी सांगत नव्हतं. समोर तापलेली माणसं. चार महिन्यांनी मी विचारलं, काय काय शिकलीस गं? म्हणाली, "चाचा, सॉरी म्हणायला शिकवलं. बाकीचं मी माझं माझं बघितलं." तिची तक्रार नव्हती, ती सरळ माहिती देत होती. मला मात्र ते वाक्य रात्रभर पुरलं.

'सॉरी' म्हणणं हेही काम आहे, आणि जड काम आहे. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून १९८३ साली एक पुस्तक लिहिलं. मनात असो वा नसो, चेहऱ्यावर प्रसन्नता ठेवणं हा श्रम आहे आणि त्याचा थकवा खरा असतो, हे त्यांनी दाखवून दिलं. हमालाच्या पाठीला वळ दिसतो, यांचा दिसत नाही. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात रागावलेल्या माणसाला कसं ऐकून घ्यावं, हे जसं शिकवायला हवं, तसंच कुठे थांबावं आणि वरिष्ठाला कधी बोलवावं, हेही शिकवायला हवं. आणि पायांचं काय? केरळात दुकानातल्या बायकांनी दिवसभर उभं राहण्याविरुद्ध लढा दिला, तेव्हा कुठे २०१८ साली बसायच्या हक्काची कायद्यात नोंद झाली. तमिळनाडूने २०२१ साली तोच रस्ता धरला. नवशिक्या मुलीला बसायला स्टूल देणं हा प्रशिक्षणाचाच भाग मानायला हवा. दुखणाऱ्या पायांनी माणूस दुसऱ्याचं ऐकू शकत नाही.

दुसरी गोष्ट, ज्ञानाची. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी आपण सर्वांनी वाचली आहे. काउंटरवरचा पोरगा तीच पाटी तोंडाने म्हणून दाखवतो, कारण त्याला तेवढंच सांगितलेलं असतं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्याचं नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. हे ज्या मुलाला ठाऊक आहे तो गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत नाही, मालकालाही अडचणीत येऊ देत नाही. अर्ध्या तासाचा धडा आहे हा. तो किती ठिकाणी दिला जातो?

तिसरी गोष्ट भाषेची. ती माझ्या जिव्हाळ्याची आहे. या शतकाच्या सुरुवातीला कॉल सेंटरची लाट आली तेव्हा मुलांना उच्चार घासूनपुसून घ्यायला शिकवलं गेलं, काहींना परदेशी नावंही दिली गेली. तेव्हापासून 'कम्युनिकेशन' म्हणजे इंग्रजी, असं समीकरण आपल्या मनात बसलं. सोलापूरच्या बाजारात जाऊन पाहा. चादरीच्या दुकानातला मुलगा एका गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो, अक्कलकोटकडून आलेल्याशी कन्नडमध्ये, विणकर वस्तीतल्या म्हाताऱ्याशी तेलुगूत आणि आमच्यासारख्यांशी दखनीत. माणूस पाहून भाषा बदलणं, त्याच्या तोंडचा शब्द उचलून त्यालाच परत देणं, याहून मोठं संवादकौशल्य कोणतं? पण तोच मुलगा मुलाखतीला गेला की मान खाली घालून म्हणतो, "सर, माझं कम्युनिकेशन वीक आहे." चार भाषांचा धनी स्वतःला मुका समजतो. इंग्रजी शिकवावं, जरूर शिकवावं. तिच्यामुळे चार पैसे जास्त मिळतात. पण मुलाजवळ जे आहे त्याची किंमत त्याला सांगून मग शिकवावं.

तेव्हा ज्यांच्या घरात असा उमेदवार आहे त्यांना माझं सांगणं आहे. रुजू होण्यापूर्वी विद्यावेतन किती, हे विचारताच. तसंच मला शिकवणार कोण, हेही विचारा. त्या माणसाचं नाव मागा. पहिल्या महिन्यात काय, तिसऱ्यात काय, हे कागदावर लिहून घ्या. एकाच कामावर ठेवणार की माल, हिशेब, तक्रार असं सगळीकडे फिरवणार, ते विचारा. रोज काय शिकलो याच्या दोन ओळी वहीत लिहा. सलग आठ दिवस लिहायला काही सापडलं नाही, तर वही घेऊन साहेबांकडे जा.

मालकांना सांगणं असं की, तुमच्याकडे वीस वर्षं घालवलेला एखादा सेल्समन असेल, त्याच्या हाताखाली दोन मुलं द्या आणि त्या शिकवण्याचे त्याला वेगळे पैसे द्या. त्याला शिकवण्याचा मान मिळाला तर तो मनापासून शिकवील, नाहीतर आपली जागा जाईल या भीतीने हातचं राखून ठेवील. आणि सरकारला सांगणं असं की, किती मुलं रुजू झाली हा आकडा पुरेसा नाही. वर्षभराने त्यातली किती, कोणत्याही दुकानात का होईना, त्याच कामावर कमवताहेत, हा आकडा दरवर्षी लोकांपुढे ठेवावा. शिकवणाऱ्याच्या मानधनासाठी योजनेतच तरतूद असावी.

बेकारीचे दिवस माणसाला गप्प करतात. सकाळी घराबाहेर पडायला कारण नसलं की बोलायलाही कारण उरत नाही. अशा मुलाला अनोळखी माणसाशी नजर मिळवून बोलायला लावणारं हे काम आहे; नीट शिकवलं तर ते पोटाबरोबर त्याचा आवाजही त्याला परत देतं. त्यासाठी त्याच्या शेजारी, निदान पहिले काही महिने, एक जाणतं माणूस उभं असलं पाहिजे.