आवाज कोठे फाटतो?

अंध माणसाला संगणक मजकूर वाचून दाखवतो. तो आवाज खरखरू लागला की त्याच्यापुरते पानच पुसले जाते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत उगम पावलेली ‘ध्वनी’ ही मुक्त वाचनप्रणाली पुढे मराठीही बोलू लागली. पण नुसती वाचा असून भागत नाही.

लिनक्सवर निरनिराळे आवाज बहुधा पाइपवायर एकत्र करते, अल्सा ते साउंड कार्डाकडे पोचवते आणि तेथून ते कर्ण्यात येतात. दुसरा कर्णा लावताच खरखर थांबली, तर दोष पहिल्याचा. एरवी आवाजाची पातळी शंभर टक्क्यांपुढे गेली आहे काय, ते पाहावे. अशा वेळी ध्वनिलहरींचे माथेच छाटले जातात. मधूनमधून तुटणाऱ्या आवाजाचे कारण निराळे: पुढे धाडायची साठवण वेळेवर भरत नाही आणि कार्ड क्षणभर रिकामे राहते. ती साठवण वाढवावी. वाचन किंचित उशिराने ऐकू येईल, पण शब्द गळणार नाहीत.