उपजत रिसेप्टर: कमी पडले तरी धोका, अति झाले तरी धोका

शरीरात नवा जंतू शिरला की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार व्हायला काही दिवस लागतात. तोवर खिंड लढवतात त्या पेशी, ज्यांच्या रिसेप्टरमध्ये जंतूंची ढोबळ ओळख उपजतच असते. असे रिसेप्टर असणार, हा तर्क चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये मांडला. १९९६ मध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की ‘टोल’ या रिसेप्टरचं जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात. दोन वर्षांनी ब्रूस ब्युटलर यांना उंदरांत त्याचाच भाऊबंद सापडला. दोघांना २०११ चं नोबेल मिळालं. जेनवे तेव्हा हयात नव्हते, याची हळहळ वाटते.

याच ‘टोल’ कुळातला, माणसातला टीएलआर-७ हा रिसेप्टर विषाणूंचा आरएनए हेरतो. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणजे पुरुषांकडे त्याची एकच प्रत. २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये दोन कुटुंबांतले धडधाकट तरुण भाऊ कोविडने अत्यवस्थ झाले. तपासणीत हेच जनुक निकामी आढळलं. याउलट २०२२ मध्ये स्पेनमधल्या एका मुलीत हाच रिसेप्टर जनुकीय बदलामुळे अतिसंवेदनशील झालेला दिसला. विषाणू नसतानाही तो चेतायचा, आणि तिला लहानपणीच ल्युपस जडला होता. या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. मला ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात, कारण प्रतिकारशक्ती ‘वाढवण्याच्या’ जाहिराती यातली दुसरी बाजू कधीच सांगत नाहीत. ल्युपसच्या रुग्णांना वर्षानुवर्षं दिलं जाणारं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन काही अंशी याच रिसेप्टरला लगाम घालतं.