उजाड स्टेशन वाचायचं कसं?

डेट्रॉइटच्या मिशिगन सेंट्रल स्टेशनचे २०१०च्या आसपासचे फोटो पाहिले, की वाटतं इथे बॉम्ब पडला असावा. १८ मजली इमारत आणि खिडक्यांना काचा जवळजवळ नाहीतच. खाली रोमन स्नानगृहांच्या धर्तीवर बांधलेलं अवाढव्य प्रतीक्षागृह, आणि त्याच्या भिंतींवर हात पोचेल तिथवर स्प्रेने रंगवलेली नावं. प्रत्यक्षात बॉम्बही पडला नव्हता की भूकंपही झाला नव्हता. जानेवारी १९८८मध्ये इथून शेवटची गाडी सुटली, एवढंच.

न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल ज्या वास्तुविशारदांनी उभारलं, त्यांनीच हेही बांधलं. १९१३ साली ते उघडलं तेव्हा जगात याहून उंच स्टेशन नव्हतं. पण जागा शहराच्या मध्यापासून दूर होती. लोक ट्रामने येतील, असा हिशेब होता. मोटारी लावायला पुरेशी जागा ठेवलीच नव्हती. आणि शहर कुठलं, तर मोटारींचं!

सोडून दिलेली इमारत हळूहळू झिजत जाते असा आपला समज असतो. खरं तर ती ठरावीक क्रमाने मरते, आणि हा क्रम फोटोत वाचता येतो. भंगारवाले आधी तांबं आणि पितळ शोधतात: वायरी, नळ, दिवे, दारांच्या मुठी. मग संगमरवर. भिंतीत लांबलचक, सरळ खाच दिसली तर तिथून कुणीतरी वायर किंवा नळ ओढून काढलाय असं समजावं. रंगवलेली नावं डोळ्यांत भरतात, पण ती या गुन्ह्यातली सर्वांत निरुपद्रवी बाब. खरा घात होतो तो पाणी वाहून नेणारे नळ गेले की. छतावरचं पाणी मग भिंतींतून वाट काढतं. डेट्रॉइटच्या हिवाळ्यात त्याचा बर्फ होतो, आणि गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. चिऱ्यांच्या सांध्यांत दर हिवाळ्यात हेच पुन्हा पुन्हा होत राहतं. हातोडा घेऊन आलेला टवाळ एका रात्रीत दमतो; पाणी दमत नाही. पुढे दुरुस्ती सुरू झाली तेव्हा तळघरातून सव्वा कोटी लिटरहून जास्त पाणी उपसावं लागलं.

या सगळ्यात प्रतीक्षागृहाचं छत मात्र टिकून राहिलं. ते ग्वास्ताविनो पद्धतीचं आहे. स्पेनमधून अमेरिकेत आलेल्या राफाएल ग्वास्ताविनो यांनी तिथे रुजवलेली ही पद्धत. पातळ फरशांचे थर सिमेंटने एकमेकांवर चिकटवायचे, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, आणि कमान स्वतःचं वजन स्वतःच पेलते. या छताला २९,००० फरशा आहेत. तीस वर्षं पाऊस, बर्फ आणि माणसं झेलूनही त्यांतल्या जेमतेम १,३०० बदलाव्या लागल्या. हा आकडा वाचून मी पुन्हा ते जुने फोटो काढून बसलो. खाली राडारोडा, वर कमानी जशाच्या तशा!

ईव्ह मार्शां आणि रोमँ मेफ्र या फ्रेंच छायाचित्रकारांच्या डेट्रॉइटवरच्या पुस्तकाने हे स्टेशन जगभर पोचवलं. असल्या फोटोंवर डेट्रॉइटकर वैतागायचे. चौकटीत माणूस नसतो, जणू शहरात कुणी राहतच नाही. त्यांचा राग मला पटतो. २००९मध्ये नगर परिषदेने इमारत पाडण्याचा ठरावही केला होता. तो अमलात आला नाही.

२०१८ साली ती विकत घेतली फोर्डने. म्हणजे ज्या वाहनाने प्रवासी पळवले, त्याच वाहनाच्या कारखानदाराने! सौदा झाल्यावर थोड्याच दिवसांत एका अनोळखी माणसाचा फोन आला: स्टेशनातलं घड्याळ माझ्याकडे आहे, परत करायचंय. सांगितलेल्या जागी, एका जळक्या इमारतीला टेकवून ठेवलेलं ते घड्याळ खरोखरच मिळालं. काम चालू असताना छताजवळ १९१३ सालची बिअरची बाटली सापडली. आत कामगारांनी लिहून ठेवलेली चिठ्ठी होती. आतल्या काही रंगवलेल्या भिंतीही मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत, आणि ते योग्यच झालं.

जून २०२४मध्ये स्टेशन पुन्हा उघडलं. आता तिथे कचेऱ्या आहेत, दुकानं आहेत, पाहणाऱ्यांची गर्दी आहे. फक्त प्रवासी गाडी नाही. रेल्वेने डेट्रॉइटला येणारा माणूस त्या वर्षीही न्यू सेंटर भागातल्या एका छोट्या स्टेशनवरच उतरत होता.