अंगठा लागत नाही, म्हणजे नेमकं काय होतं?

कंपनीच्या बसमध्ये इअरफोन लावून बसला असाल आणि बस चाकणच्या तळेगाव चौकात अडकली असेल, तर आजचा एपिसोड निवांत होईल. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे तो लिहून काढलाय. बोलताना राहिलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना भरल्यात, एवढाच फरक.

मी महाळुंग्याचा, हे जुन्या श्रोत्यांना माहीत आहे. बालेवाडीच्या शेजारचं महाळुंगे नव्हे, खेड तालुक्यातलं, चाकण एमआयडीसीतलं महाळुंगे इंगळे. कॅब बुक केली की ड्रायव्हर भलत्याच महाळुंग्यात पोचतो आणि फोन करतो, "सर, कुठे उभे आहात?" नाव जुळलं म्हणून ॲपला गावही जुळल्यासारखं वाटतं. आजचा विषय याच्या बरोबर उलटा आहे. माणूस तोच असतो, तिथेच उभा असतो, आणि मशीन म्हणतं जुळत नाही.

चार हाफ डे

माझे पप्पा एका छोट्या युनिटमध्ये डिबरिंगला आहेत. म्हणजे मशीनमधून पार्ट निघाला की त्याच्या कडेला धारदार कुसळं राहतात, ती फाईल मारून साफ करायची. बावीस वर्षं हेच काम. गेल्या पावसाळ्यात गेटवरच्या थंब मशीनने त्यांचा अंगठा घेणं बंद केलं. तुम्हाला तो आवाज माहीत असेल. जुळलं की "थँक यू", नाही जुळलं की "प्लीज ट्राय अगेन". पप्पांच्या नशिबी दुसराच. मागे लाईन लागलेली, सिक्युरिटीवाला म्हणतो, "काका, जा आत, नंतर बघू." ते नंतर कधी आलंच नाही.

महिन्याच्या शेवटी पगारात चार हाफ डे कापलेले. पप्पा घरी काही बोलले नाहीत. आईने पैसे मोजले तेव्हा कळलं. मी विचारलं, "पप्पा, तुम्ही ऑफिसात सांगितलं का नाही?" तर म्हणाले, "अरे, माझाच अंगठा लागत नाही, त्यांना काय सांगू?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण माझ्या पहिल्या नोकरीत मी हजेरीचंच सॉफ्टवेअर लिहायचो. पप्पांच्या कंपनीतलं नाही, पण तसंच. तीन वेळा जुळलं नाही तर नोंद नाही, आणि नोंद नाही तर गैरहजर. कोडच्या मोजून दोन ओळी. टेस्टिंग आम्ही एसी ऑफिसात केलं, दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या आमच्याच बोटांवर. सगळं पास. फाईल मारणारा एकही हात त्या टेस्टिंगमध्ये नव्हता.

मशीन बघतं काय?

मशीन तुमच्या अंगठ्याचा फोटो दुसऱ्या फोटोशी ताडून बघतं असं बऱ्याच जणांना वाटतं. बहुतेक मशीन तसं करत नाहीत. ते बोटाचा नकाशा बनवतात.

बोटावरच्या रेषा म्हणजे रस्ते समजा. मशीनला दोनच गोष्टींत रस असतो: रस्ता कुठे संपतो आणि कुठे फाटा फुटतो. आपल्याकडे पत्ता सांगताना कुरुळी फाटा, मोई फाटा म्हणतो ना, अगदी तसंच. प्रत्येक फाट्याची जागा आणि दिशा आकड्यांत साठवली जाते. दुसऱ्या दिवशी तुम्ही अंगठा ठेवलात की नवा नकाशा तयार होतो आणि जुन्याशी किती फाटे जुळले ते मोजून गुण दिले जातात.

नकाशा काढायला मशीनला रेषा नीट दिसाव्या लागतात. काचेखालून प्रकाश सोडणारा स्कॅनर घ्या. रेषेचा उंचवटा काचेला टेकतो तिथे काळं दिसतं, मधल्या खोबणीत हवा असते तिथे उजळ दिसतं. बोट कोरडं असेल तर उंचवटा नीट टेकत नाही आणि रेषा तुटक येते. बोट ओलं किंवा तेलकट असेल तर खोबणी भरतात आणि नुसता काळा डाग येतो.

तुटक रेषा का महाग पडते? खड्ड्यांनी रस्ता मध्येच उखडला की नवख्याला वाटतं रस्ता इथे संपला. मशीनचंही तेच होतं. एका रेषेचे चार तुकडे झाले की त्याला नसलेली सहा टोकं दिसतात. खरे फाटे सापडत नाहीत, खोटे मात्र भरपूर मिळतात. गुण धाडकन खाली येतात.

रेषा जातात कुठे?

रेषांचा साचा जन्माआधीच तयार होतो आणि तो कातडीच्या आतल्या थरात असतो. वरची कातडी साधारण महिना-दीड महिन्यात नवी होते आणि साच्याप्रमाणे रेषा परत येतात. पण रोज आठ तास फाईल चालली, तर नवी कातडी वर येण्याआधीच घासली जाते. शिवाय कूलंट, म्हणजे कटिंग करताना पार्टवर सोडतात ते दुधासारखं पाणी. ते हाताचा नैसर्गिक तेलकटपणा काढून घेतं, मग कातडी कोरडी पडते आणि भेगा जातात. गवंड्याच्या हातांचं सिमेंट हेच करतं, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बाईंच्या हातांचं साबण. वय वाढलं की कातडीचा ताणही कमी होतो.

"मग ग्लोव्हज का घालत नाहीत?" असं कोणी विचारेल. फिरत्या ड्रिलजवळ किंवा स्पिंडलजवळ ग्लोव्हज अडकला तर हातच आत खेचला जातो. तिथे ग्लोव्हज न घालणं हाच सुरक्षेचा नियम असतो. म्हणजे यात कामगाराचा निष्काळजीपणा नाही. ज्या कामासाठी त्याला गेटमधून आत घेतात, त्याच कामाने त्याच्या रेषा झिजतात.

'नाही' आणि 'माहीत नाही'

आता मुख्य मुद्दा. मशीन कधीच ठामपणे सांगत नाही की "हा तोच माणूस". ते फक्त गुण देतं. किती गुणांना पास करायचं, तो आकडा माणूस ठरवतो. समजा शंभरपैकी साठला पास. पप्पांना मिळाले अठ्ठेचाळीस. याचा अर्थ "हा माणूस दुसराच आहे" असा होतो का? नाही. याचा अर्थ "मला खात्री नाही" एवढाच. पण सॉफ्टवेअरमध्ये दोनच कप्पे असतात, हो आणि नाही. 'माहीत नाही'ला जागा नसते, म्हणून ते गुपचूप 'नाही'च्या कप्प्यात पडतं.

पासचा आकडा खाली आणला तर? मग दुसऱ्याच्या नावावर हजेरी लागायची भीती. विशेषतः मशीन सगळ्यांमध्ये शोधत असेल तेव्हा. समजा दोन वेगळी बोटं चुकून जुळायची शक्यता दहा हजारांत एक आहे. कंपनीत ४०० माणसं असतील तर एक अंगठा ४०० नकाशांशी ताडला जातो, आणि चूक व्हायची शक्यता शंभरात चारवर जाते. म्हणून आकडा कडक ठेवतात. पण आधी कर्मचारी कोड दाबला आणि मग अंगठा ठेवला, तर तुलना फक्त एकाच नकाशाशी होते. तिथे आकडा थोडा सैल ठेवला तरी धोका वाढत नाही. सेटिंगमधला एवढा बदल अनेक काकांचे हाफ डे वाचवेल.

तुम्ही म्हणाल, पप्पांचा मोबाईल तर त्याच अंगठ्याने उघडतो! बरोबर. फोन सुरुवातीला बोट दहा-पंधरा वेळा टेकवून घेतो आणि बरेच फोन पुढेही नकाशात भर घालत राहतात. फोनमध्ये नकाशेही मोजकेच. आणि नाहीच उघडला तर फोन पिन विचारतो, तुमची अर्ध्या दिवसाची मजुरी कापत नाही.

अंगठ्याची जुनी गोष्ट

आपल्याकडे कागदावर 'निशाणी डावा अंगठा' लिहायची पद्धत जुनी आहे. पण हाताचा ठसा सरकारी व्यवहारात कसा आला, ती गोष्ट मजेशीर आहे. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. कंत्राट होतं रस्त्याच्या सामानाचं. हेतू हा, की नंतर त्याने "सही माझी नाही" म्हणू नये. तेव्हा ठसा कंत्राटदाराला बांधायला होता, आज कंत्राटदार तो कामगाराकडून घेतो. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं, आणि वर्गीकरणाच्या पद्धतीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं मोठं काम होतं.

पुढचा मोठा टप्पा आपल्या महाराष्ट्रातला. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, रंजना सोनवणे यांना मिळालं. मग अंगठा रेशन दुकानात आला, बँकेत आला, पेन्शनला आला. २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की सरकारी सेवांमध्ये पडताळणी यशस्वी व्हायचं प्रमाण ८८ टक्के आहे. त्याच वेळी त्यांचं म्हणणं होतं, की पडताळणी फसणं म्हणजे लाभ नाकारणं नव्हे, दुसरा मार्ग असतोच. कागदावर हे अगदी बरोबर आहे. 'माहीत नाही'चा कप्पा म्हणतात तो हाच. फक्त तो मार्ग आहे हे दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाला माहीत पाहिजे.

मग करायचं काय?

हजेरीच्या मशीनसाठी:

१. आधी काच पुसा. निम्म्या वेळा आधीच्या माणसाचं ग्रीसच तिथे असतं.

२. हात धुऊन कोरडे करा. फारच कोरडे वाटले तर बोट एकदा कपाळावर फिरवा, तेवढा तेलकटपणा पुरतो.

३. अंगठ्याचा हट्ट सोडा. ज्या हाताने कमी काम होतं त्या हाताची अनामिका किंवा करंगळी कमी झिजते. निदान तीन बोटं नोंदवून घ्या. नोंदणी सुट्टीनंतरच्या सकाळी करा, मग सुट्टी गुरुवारची असो की रविवारची.

४. जुळलं नाही तर आत जाण्याआधी गेटवरच्या वहीत नाव, वेळ आणि सही. वहीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

रेशन आणि आधारसाठी:

१. आधारला दहाही बोटं, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा नोंदवलेला असतो. एक बोट चाललं नाही तर दुसरं लावून बघा. मोबाईल नंबर जोडलेला असेल तर ओटीपीचा पर्याय विचारा. रेशनला कार्डावरच्या घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठाही चालतो.

२. काहीच जुळलं नाही तरी रिकाम्या हाताने परत पाठवू नये, असं प्राधिकरणाचं २४ ऑक्टोबर २०१७ चं परिपत्रक आहे. आधार कार्ड बघून, वहीत नोंद करून धान्य द्यायची त्यात सोय आहे. आमच्या शेजारच्या काकू दोन महिने नुसत्या चकरा मारत होत्या. हे परिपत्रक मोबाईलवर दाखवलं तेव्हा दुकानदाराने वही काढली.

३. आधारच्या वेबसाईटवर तुमच्या पडताळणीचा इतिहास दिसतो. फसलेल्या नोंदीपुढे कोड असतो. ३०० म्हणजे बायोमेट्रिक जुळलं नाही. ३३० म्हणजे तुम्हीच कधीतरी बायोमेट्रिक लॉक करून ठेवलंय आणि विसरलाय. म्हणजे दोष बोटाचा की लॉकचा, हे घरबसल्या कळतं.

४. वारंवार ३०० येत असेल तर आधार केंद्रावर जाऊन बायोमेट्रिक अपडेट करा. हे ऑनलाईन होत नाही. शंका असेल तर १९४७ वर फोन करा.

५. आजी-आजोबांच्या पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ पासून मोबाईलवर चेहऱ्याने पडताळणी करता येते. त्यांना घेऊन रांगेत उभं राहण्याआधी ते करून बघा.

पप्पांचं पुढे काय झालं?

मी सुट्टी टाकून त्यांच्याबरोबर ऑफिसात गेलो. अंगठ्यावर वाद घालत बसलो नाही. सुपरवायझरकडचं प्रॉडक्शन शीट मागितलं. ज्या चार दिवशी मशीनच्या लेखी पप्पा अर्धा दिवस गैरहजर होते, त्या चारही दिवशी त्यांच्या नावापुढे पूर्ण शिफ्टचे नग लिहिलेले होते. हिशेब बघणारे साहेब शीटकडे बघत राहिले, मग हसले आणि म्हणाले, "आम्हाला मशीनचा रिपोर्ट येतो हो, आम्ही तोच बघतो." पुढच्या पगारात चारही हाफ डे परत आले. आता पप्पा आधी कोड दाबतात, मग डाव्या हाताची अनामिका ठेवतात. गेटवर एक वहीही आलीय.

पण प्रत्येक काकांचा मुलगा सुट्टी टाकून जाऊ शकत नाही. म्हणून तुम्हाला दोन कामं. तुमच्या घरात किंवा लाईनवर कोणी "माझाच अंगठा लागत नाही" म्हणत असेल, तर त्यांना हे ऐकवा आणि त्यांची अजून दोन बोटं नोंदवून द्या. आणि तुम्ही माझ्यासारखे कोड लिहिणारे असाल, तर तीन प्रयत्नांनंतर 'गैरहजर' लिहू नका. 'तपासा' लिहा आणि ते तपासायला एक माणूस ठेवा. दोन ओळींच्या जागी तीन ओळी होतील.

तुमचं कोणतं बोट चालतं, ते मेसेज करून सांगा. पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर सांभाळून जा, हायवेला गर्दी आहे.