विमानाचा सव्वा तास किती तासांचा?

काळाचौकीत कोकणातली माणसं किती, ते गणपतीच्या आधी कळतं. घरटी एक जण तिकिटाच्या मागे असतो. हल्ली गटाच्या बैठकीतही विषय निघतो, "विमानाने सव्वा तासात गोवा, तिथून सावंतवाडी कितीशी लांब?" आज हा सव्वा तास उलगडून बघूया.

मुंबई ते मोपा हे हवाई अंतर सुमारे ३९० किलोमीटर. रस्त्याने तेच पाचशेच्या वर जातं, कारण रस्त्याला डोंगर, खाड्या चुकवत वळसे घ्यावे लागतात. जेट विमान वर गेल्यावर ताशी आठशेच्या आसपास पळतं. म्हणजे अर्धा तास पुरायला हवा. मग तिकिटावर सव्वा तास का? कारण विमान जागेवरून हललं तिथपासून ते उतरून जागेवर उभं राहीपर्यंतची ती वेळ असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. उडायला रांग, उतरायला रांग. त्यात चढता-उतरताना वेग कमी. परळहून सुटलेली धीमी लोकल वेग घेते न घेते तोच दादर येतं, तसंच हे.

आता घरापासून मोजा. काळाचौकीहून सहार सव्वा तास, तेही रस्ता मोकळा असेल तर. विमानाच्या दोन तास आधी पोहोचायचं. सव्वा तास विमान, अर्धा तास सामान, मोपाहून सावंतवाडीला पाऊण तास. झाले पावणेसहा तास!

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंना रात्री फोन आला, गावी आई अत्यवस्थ. विमानासाठी गटातून तातडीचं कर्ज द्यायचं का, हे ठरवायला आम्ही चौघी जमलो. पहिलं परवडणारं विमान सकाळी अकराचं. कागदावर मांडलं, तर घरी पोहोचायला दुपारचे दोन. मध्यरात्री दादरहून सुटणारी तुतारी सकाळी दहा-अकराच्या सुमारास सावंतवाडीला जाते. ताई जनरल डब्यातून गेल्या. हाल झाले, पण आईशी बोलणं झालं. पहाटेच्या विमानात जागा असती, तर कर्ज काढूनही विमानच घ्या म्हटलं असतं. विमान किती वेळात जातं याच्याइतकंच ते सुटतं कधी, हेही बघावं लागतं.

तिकीट काढताना दोन गोष्टी नीट वाचा. मुंबईत टर्मिनल एक की दोन? दोन्हींची दारं वेगवेगळ्या रस्त्यांवर आहेत. आणि गोव्यात मोपा की दाबोळी? सावंतवाडीकरांना मोपा जवळ.

ज्यांची मुलं आखातात आहेत, त्यांचा गोंधळ वेगळा. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर. आठला निघालेलं विमान तिकिटावर पावणेदहाला पोहोचलेलं दिसतं. पावणेदोन तासांत दुबई? नाही, सव्वातीन तास. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे असतं आणि तिकिटावर ज्या त्या गावची वेळ छापतात. येताना वारा बहुधा पाठीशी असतो, म्हणून प्रवास थोडा लवकर आटपतो, पण तिकिटावर तो सव्वाचार-साडेचार तासांचा दिसतो. मुलाला आणायला जाताना हिशेब करत बसू नका. मुंबईत उतरण्याची जी वेळ छापली आहे, ती आपल्याच घड्याळाची.