रदीफ, गोशे आणि उपज

‘रदीफ’ म्हटले की मराठी वाचकाला सुरेश भटांची गझल आठवते. शेराच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा शब्द. फारसीत मात्र रदीफ म्हणजे रांग. इराणच्या अभिजात संगीतात ही रांग लहान-लहान स्वरबंधांची आहे. एकेका स्वरबंधाला म्हणतात ‘गूशे’, म्हणजे कोपरा. आपल्या ‘गोषा’त दडलेला शब्द हाच! असे अडीचशेहून अधिक गोशे बारा गटांत लावलेले असतात : सात दस्तगाह, पाच आवाज.

इराणी वादनातली उपज म्हणजे मोकळीक, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ती चुकीची. तिथला शागीर्द आधी उस्तादासमोर बसून ही रांग पाठ करतो. त्यात वर्षे जातात. मैफलीत मात्र ती जशीच्या तशी वाजवायची नसते. ‘दरामद’ने दस्तगाहाचे दार उघडायचे, मग काही गोशे घ्यायचे, काही गाळायचे, एखादा लांबवायचा. चढत जाताना मुक्कामाचा स्वर बदलत राहतो आणि ‘फुरूद’ने मूळ जागी उतरायचे. आपल्या आलापीत रागाचे चलन हाताशी असते, ठरलेली रांग नसते. फरक मला इथे वाटतो.

आज सर्वाधिक शिकवला जाणारा रदीफ मिर्झा अब्दुल्ला (१८४३-१९१८) यांचा. त्यांचे पुत्र अहमद एबादी लहान असतानाच वडील गेले. त्यांना सेतार शिकवली ती बहिणींनी. एबादींच्या ध्वनिमुद्रणांत तीच रांग आहे, पण ती ओळखू यायला मला दोन पावसाळे लागले.

बदलापूरला घरी मी ‘शूर’ पेटीवर काढू पाहिला. जमेना. त्यातला रिषभ कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये उभा. पेटीत त्याला पट्टीच नाही. शेवटी मिरजेची जुनी सतार काढली आणि रिषभाचा पडदा दोऱ्यासकट सरकवला. ‘सतार’ हे नाव ‘सेतार’वरूनच आले, तीन तारा असा अर्थ. आज सेतारला तारा चार, वाजवतात तर्जनीच्या नखाने, आणि जवारीची गुंजन नाही. आमच्या सतारीवर तो रिषभ गुंजनेत थोडा बुडतो, हे कबूल केले पाहिजे.

उल्हासनगरच्या एका सिंधी स्नेह्यांनी सांगितले, की शाह अब्दुल लतीफ यांच्या ‘रिसालो’त ‘हुसैनी’ नावाचा सूर आहे. शूरमध्येही हुसैनी नावाचा गोशा आहे! मी आनंदाने वहीत दोघांचे नातेही लिहून टाकले. पुढे ते पान खोडले. नावाखेरीज माझ्या हाती पुरावा काहीच नव्हता.

मला अजून चारच गोशे पाठ आहेत. घरी कोणी यमन वाजवायला सांगितला की पडदा शुद्ध रिषभावर न्यावा लागतो, आणि परत आणताना तो दर वेळी केसभर चुकतो.